मला तर काही ऐकू आलं नाही

माझ्या मामाला त्याच्या खात्यात सगळे ‘खरखर’ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं. लोकांच्या घरच्या टेलिफोनमध्ये खरखर येते, शिट्ट्या वाजतात, शेजारच्यांचं भांडण ऐकू येतं, ते सगळं कुठून येतं हे शोधायचं त्याचं काम होतं. कानाला हेडफोन आणि हातात काटेरी एरियल घेऊन तो गल्लीतून हळूहळू चालायचा, मागून खात्याची गाडी रांगत यायची. एरियल फिरवत फिरवत तो एखाद्या दारासमोर थांबायचा, बेल वाजवायचा आणि म्हणायचा, “तुमचा फोन जरा उलटा करून दाखवता?”

फोन उलटा करायची त्याला खोडच होती. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला, तरी चहा येईपर्यंत त्या घरचा फोन याच्या मांडीवर पालथा पडलेला असायचा. मामी शरमेनं अर्धी व्हायची. फोनच्या पोटाशी खात्याच्या मंजुरीची एक चिकटपट्टी असते आणि तिच्यावर दोन अटी छापलेल्या असतात. पहिली, हे उपकरण दुसऱ्या कुणाला उपद्रव देणार नाही. दुसरी, बाहेरून येणारा उपद्रव हे उपकरण निमूट सहन करील. मामी म्हणायची, “ही पट्टी फोनला कशाला लावता? नवऱ्यांना लावा. निदान पहिली अट तरी वाचतील.”

मामा हसायचा, पण पट्टीच्या बाबतीत त्याला थट्टा खपत नसे. बिनपट्टीचा, चोरवाटेनं आलेला फोन दिसला की तो जप्त. मामीच्या सख्ख्या भावाचा फोन त्यानं जेवणाच्या ताटावरून उठून जप्त केला होता. त्या घराशी बरेच दिवस अबोला होता, तरी मामाला त्याचं काही वाटलं नाही. म्हणूनच खरखरचा शब्द चालायचा. तो ‘दोष इथे आहे’ म्हणाला की तिथे असायचाच, आणि ‘दोष नाही’ म्हणाला की पुन्हा कुणी तपासायला जात नसे. आता तो ते काम करत नाही. खात्याच्या गोदामात केबलची रिळं मोजतो. तसं का झालं ते सांगते.

माझी आई म्हणजे त्याची अक्का. आईवडील लवकर गेले, तेव्हा अक्कानं शाळा सोडून याला वाढवला. स्वतः शिकली नाही, याला शिकवलं. त्यामुळे साऱ्या जगाला कायदा दाखवणारा मामा अक्कापुढे मात्र मांजर व्हायचा. आईची आमच्या घरामागे रोपांची नर्सरी आहे. जागा रुंदीला कमी आणि लांबीला अघळपघळ, पार मागे कलमांची शेड. धंदा सगळा फोनवर. मी दिवसभर नोकरीला, आईचे गुडघे गेलेले. फोन वाजला की ती शेडमधून घरापर्यंत लंगडत यायची, आणि ती पोचेपर्यंत फोन बंद. एकदा चिखलात अशी पडली की आठवडाभर बसून राहिली. मग मामानं तिला कॉर्डलेस फोन आणून दिला, रीतसर, पट्टीवाला. पण तो बागेच्या मध्यापर्यंतच चालायचा. पुढे नुसती खरखर.

“दुनियेचे फोन नीट करतोस,” आई म्हणाली, “बहिणीचा तेवढा राहू दे. तिचे पाय मोडेनात का.”

हे त्याला झोंबलं. पुढच्या सुट्टीला तो हत्यारांची पिशवी घेऊन आला. स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यानं त्या फोनची बैठक, म्हणजे तारेला जोडलेला खालचा भाग, उघडली, आत काहीतरी डाग दिला, काहीतरी वाढवलं, मग तांब्याची एक तार खिडकीतून काढून वर पाण्याच्या टाकीपर्यंत नेऊन बांधली. “बोल आता कुठूनही,” म्हणाला. आई शेडमध्ये गेली, फाटकाबाहेर गेली, रस्त्याच्या वळणापर्यंत गेली. आवाज खणखणीत. मामा इतका खूष झाला की त्या दिवशी तो दोनदा जेवला. फोन मिटताना मात्र त्यानं ती चिकटपट्टी माझ्यासमोरच वाचली. मंजुरीशिवाय आत फेरफार केला तर फोन वापरायचा हक्क जातो, असंही तिच्यावर बारीक अक्षरांत असतं.

“हे मी केलं नाही आणि तू बघितलं नाहीस,” तो मला म्हणाला.

“लोकां सांगे ब्रह्मज्ञान,” मी म्हणाले.

“गप्प बस. अक्काचे गुडघे कुठल्या नियमात बसतात ते सांग आधी.”

आता आईचं फोनवरचं बोलणं कसं असतं ते सांगायला हवं. ती झाडांबद्दल बोलते, पण झाडाचं नाव एकदाच घेते, पुढे नुसतं ‘तो’ आणि ‘त्याला’. आवाजही खर्जातला आणि हुकमी. “त्याला अंधारात ठेवा. आठवडाभर पाणी तोडा, मग बघा कसा वठणीवर येतो.” किंवा, “पाय सडलेत ना त्याचे? छाटून टाका. हळहळत बसाल तर सगळाच हातचा जाईल.” मला सवय आहे. तरी शेजारच्या खोलीतून ऐकताना कधीकधी माझ्याही अंगावर काटा येतो.

आमच्या मागच्या गल्लीत, दोन घरं सोडून, एक म्हातारे कंपाउंडर राहायचे. मुलगा, सून आणि ते. आयुष्यभर एका दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधलेला माणूस. पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, म्हणून मुलानं त्यांच्या उशाशी कॉर्डलेस फोन आणून ठेवला. स्वस्तातला, एकाच लहरीवर चालणारा, आणि नेमकी तीच लहर आईच्या फोनची. एरवी दोघांत एवढं अंतर होतं की कुणाचं कुणाला कळलं नसतं. पण मामाची तार टाकीवर चढली, आणि कंपाउंडरांच्या फोनमध्ये भर दुपारी एक बाई येऊन बोलायला लागली.

त्यांनी संध्याकाळी मुलाला सांगितलं. “एक बाई आहे. म्हणते त्याला अंधारात ठेवा, पाणी तोडा. पाय छाटा म्हणते.”

मुलानं फोन उचलून कानाला लावला. स्वच्छ. असणारच, कारण संध्याकाळी मी घरी आले की आई फोनला हात लावत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. दुपारी म्हातारे एकटे असताना बाई बोलायची आणि मुलगा-सून घरी आले की गप्प व्हायची. कधी फोन आपसूक वाजायचा, उचलला तर कुणी नाही. सून हळूच नवऱ्याला म्हणाली, “मामंजींचे पाय अधू झालेत, म्हणून त्यांना हे असं ऐकू येत असेल का?” मुलगा बरा होता. त्यानं आधी संशय फोनवर घेतला, बापावर नाही. त्यानं खात्यात तक्रार दिली आणि बापाला म्हणाला, “खात्याचा माणूस येऊ दे. तो सांगेल ते खरं.”

तक्रार आली ती खरखरच्या टेबलावर. पत्ता वाचूनच मामाला अक्काची तार आठवली होती, असं तो नंतर म्हणाला. तरी मनाला सांगत होता की दुसरंही काही असू शकेल. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पुढचं सगळं मामानंच आम्हाला सांगितलं, आणि स्वतःला जराही न वाचवता सांगितलं.

त्या घरी कंपाउंडर दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले होते. साहेब येणार म्हणून. मुलानं कामावरून सुट्टी घेतली होती. म्हातारे म्हणाले, “साहेब, माझं डोकं ठिकाणावर आहे. मला दुसरं काही नको. तुम्ही एकदा फक्त ऐका, आणि यांना सांगा.”

मामानं फोन उचलला. आई कुणाला तरी सांगत होती, “कुंडी फोडूनच बाहेर काढा त्याला. हळुवारपणा करू नका.”

लहानपणी ज्या आवाजानं त्याला झोपवलं, तो आवाज. ओळखायला हेडफोन लागत नव्हता. समोर म्हातारे खुर्चीच्या कडेला येऊन त्याच्या तोंडाकडे बघत होते. “आली ना? ऐकलंत ना?”

मामानं बटण दाबून फोन बंद केला आणि म्हणाला, “मला तर काही ऐकू आलं नाही.”

एवढंच करून तो थांबला असता तरी एक वेळ समजलं असतं. पण मुलानं फोन मागितला, तेव्हा मामानं तो दिला नाही. मागचं झाकण काढलं, बॅटरी बाहेर काढली, फडक्यानं पुसत बसला. अक्काचं बोलणं केव्हा संपेल याच्या अंदाजानं पुसत राहिला. मग बॅटरी घालून फोन मुलाच्या हातात दिला. स्वच्छ. मुलानं विचारलं, “म्हणजे फोनमध्ये काहीच नाही?” मामानं फोन उलटा केला आणि पट्टीवरची दुसरी अट त्याला वाचून दाखवली. कधीमधी बाहेरून थोडंफार काही आलं तर ते सहन करावं, असा नियम आहे म्हणाला. पण बाई वगैरे काही नाही.

“आणि बाबांना जे ऐकू येतं ते?”

“ते मी कसं सांगणार?” मामा म्हणाला. “मी फोन तपासतो.”

म्हाताऱ्यांनी मान खाली घातली. इस्त्रीच्या सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी सोडलं, आणि ते सोडायलाही त्यांना वेळ लागला. मामाला ते बटण पुढे कितीतरी दिवस दिसत राहिलं.

खरं बोलला असता तर काय झालं असतं? आईचा फोन जप्त झाला असता, दंड झाला असता, आणि फोन उघडल्याबरोबर आतला डाग कुणाच्या हातचा हे खात्यातल्या शिपायानंही ओळखलं असतं. मामाचा हिशेब सरळ होता. आज कानावर हात ठेवायचे, संध्याकाळी अक्काकडे जाऊन तार काढून टाकायची, उद्यापासून आवाज बंद. कुणाचंच नुकसान नाही.

तो संध्याकाळी आलाही. पिशवी घेऊनच आला. “अक्का, ती तार काढू या. आजूबाजूच्या फोनना त्रास होतो.”

“कुणाला होतो?”

“आहे कुणीतरी.”

“मग त्याला म्हणावं, जरा सोस,” आई म्हणाली. “ऐन मागणीचे दिवस आहेत. एवढी रोपं जाऊ देत, मग तार ने, फोन ने, मलाही ने.”

त्यानं म्हाताऱ्यांचं सांगितलं असतं तर आईनं तार त्याच क्षणी स्वतः ओढून काढली असती. ती माझी आई म्हणून हे सांगत नाही, ती बाईच तशी आहे. पण सांगायचं तर आपण काय बोलून आलो तेही सांगावं लागलं असतं. तिच्यापुढे त्याची जीभ उचलेना. चहा न पिता तो पिशवी घेऊन परत गेला, आणि तार राहिली.

त्यानंतर तो आमच्याकडे येईनासा झाला. आला तरी मागच्या गल्लीतून न येता मोठा वळसा घालून यायचा. लोकांच्या तक्रारींकडे जास्तच धावायला लागला, साध्या शिट्टीसाठी दोन-दोन चकरा मारायचा. घरी मात्र मामीवर खेकसायचा. मामी आईला म्हणाली, “वन्सं, तुमच्या भावाला काहीतरी खातंय. मला सांगत नाही, जेवताना फोनकडे बघत बसतो.” मी गंमतीनं म्हटलं, प्रेमात पडला असेल. मामीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून गेले.

मागच्या गल्लीतून पुन्हा तक्रार आली नाही. खात्यात एक समजूत आहे, तक्रार नाही म्हणजे त्रास नाही. मामानं तीच उराशी धरली. रोपं संपली, आईनं कबूल केल्याप्रमाणे स्वतः फोन करून त्याला बोलावलं. त्यानं तार काढली, आतला डाग पुसला, फोन होता तसा केला. आई पुन्हा लंगडत घराकडे धावायला लागली. मामाचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी तो आमच्याकडे पोटभर जेवला.

तो जीव भांड्यात फार दिवस राहिला नाही. एक दिवस कंपाउंडरांचा मुलगा खात्यात आला. त्याला फोनची जोडणी आतल्या खोलीत हलवायची होती. काम दुसऱ्याच टेबलावरचं, पण मामाला बघून तो मुद्दाम जवळ आला आणि हात जोडून म्हणाला, “साहेब, तुमचे उपकार आहेत. तुम्ही स्पष्ट सांगितलं नसतं तर आम्ही फोनच्याच मागे लागलो असतो. तुमच्या शब्दावर बाबांना डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या. आधी गुण येईना, मग वाढवून दिल्या. आता बाई बिलकूल बंद!”

मामा म्हणाला, “कधीपासून बंद?”

मुलानं सांगितलं. मामानं तार काढली तेव्हापासून.

“झोपून असतात दिवसभर,” मुलगा म्हणाला. “जरा मंद झालेत, हात कापतात. पण शांत आहेत. डॉक्टर म्हणतात, गोळी कायमची घ्यावी लागेल.”

मामा त्या संध्याकाळी आला तो सरळ स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. बस म्हटलं तर बसेना. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं. आई डाळ निवडत होती. तिचे हात थांबले ते थांबलेच.

“मी तार काढली,” तो म्हणाला, “आणि तेच त्यांच्या वेडाचं प्रमाणपत्र झालं. अक्का, मी एका शहाण्या माणसाला वेडा केला. मी चूक लपवली तेव्हाही त्यांचा बळी गेला, सुधारली तेव्हाही त्यांचाच गेला.”

मला वाटलं, आई त्याला जवळ घेईल. आईनं त्याच्या तोंडात मारली. केस पिकलेल्या माणसाच्या. मग म्हणाली, “माझा आवाज ऐकून तू म्हणालास, मला काही ऐकू आलं नाही?”

“हो.”

“माझ्या गुडघ्यांचं निमित्त सांगू नकोस. गुडघे माझे होते, जीभ तुझी होती. येत्या सुट्टीला ती तार पुन्हा बांध.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आधी आपल्या वरिष्ठांकडे गेला आणि त्यांना सगळं सांगून टाकलं. वरिष्ठ म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हाताऱ्याला आता त्रास नाही, मग तुला कुठे दुखतंय? मामा म्हणाला, दुखतंय. गोदामाची बदली तिथूनच निघाली, आणि एवढ्यावर भागलं हेही मामाला लागलं. त्याला जास्त शिक्षा हवी होती.

सुट्टीच्या दिवशी मामानं फोनच्या आत पुन्हा डाग दिला आणि तार पुन्हा टाकीवर चढली. आई शेडमध्ये जाऊन बसली, समोर घड्याळ ठेवून. मामीला तिच्या घरी फोनजवळ बसवलं होतं. ठरलेल्या वेळी आई तिला फोन लावणार आणि बोलत राहणार. मामा आणि मी मागच्या गल्लीत गेलो. मी कशाला, तर तो मधूनच परत फिरू नये म्हणून आईनं मला त्याच्या पाठीशी लावलं होतं.

कंपाउंडर पलंगावर उशीला टेकून बसले होते. सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली. मामाला त्यांनी ओळखलं आणि हसले. मामा पलंगाजवळ जाऊन म्हणाला, “तुमच्या फोनमध्ये बाईचा आवाज होता. त्या दिवशी मी तो ऐकला. ती माझी बहीण. तिच्या फोनमध्ये मीच फेरफार केला होता, म्हणून इथे खोटं बोललो.”

मुलगा आणि सून एकमेकांकडे बघायला लागले. म्हातारे मात्र समजूत घातल्यासारखं म्हणाले, “साहेब, तुम्ही भले आहात. माझं मन राखायला आलात. पण आता आवाज येत नाही हो. गोळी लागू पडली. मी स्वतः कंपाउंडर. ती गोळी कशावर देतात ते मला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी हातावर घेतली तेव्हाच ओळखली.” बोलताना त्यांची जीभ जड होत होती.

मामानं उशाचा फोन उचलून त्यांच्या कानाला लावला. त्यांनी मान मागे घेतली. मामानं हात तसाच धरून ठेवला. मला जवळ उभं राहून ऐकू येत होतं. आईला आम्ही काय बोलायचं ते शिकवलं नव्हतं, झाडांबद्दल बोल म्हटलं होतं. पण ती म्हणत होती, “कंपाउंडर भाऊ, मी मागच्या नर्सरीतली. मीच ती बाई. मी खरी आहे. माझ्या कलमांबद्दल बोलत होते मी, तुमच्याबद्दल नाही. तुमच्या कानाला काही झालेलं नाही. हा फोन आता तुमच्या मुलाला द्या.”

म्हाताऱ्यांनी फोन मुलाकडे केला. मुलानं ऐकलं, त्याच्या हातून सुनेनं घेतला, तिनंही ऐकलं. आई तेच पुन्हा पुन्हा म्हणत होती. सून मटकन खाली बसली. मुलगा आधी रडला आणि मग मामाच्या सदऱ्याला हात घातला. “आम्ही बाबांना गोळ्या चारल्या! तुमच्या शब्दावर!” मामानं त्याचा हात सोडवला नाही. मीही मधे पडले नाही. शेवटी मुलगाच दमून बापाजवळ बसला, डॉक्टरकडे आजच जाऊ, गोळ्या सोडवून घेऊ म्हणायला लागला. ठरल्याप्रमाणे आईनं फोन ठेवला होता. खोलीत सगळे एकदम बोलत होते, म्हातारे सोडून.

मधेच म्हातारे म्हणाले, “मग तोही खराच होता.”

“कोण, बाबा?”

“दादा.”

मुलानं आम्हाला थोडक्यात सांगितलं. बाबांचे थोरले भाऊ दुसऱ्या गावी असतात, वडिलांच्या घराच्या वाटणीवरून कितीतरी वर्षं दोघांचं बोलणं नाही. म्हातारे त्याच्याकडे न बघता बोलत राहिले. “डॉक्टरांनी शिकवलं होतं. आवाज आला की भ्यायचं नाही. ठणकावून सांगायचं, तू नाहीस, माझ्या लेखी तू कुणी नाहीस, आणि फोन ठेवायचा. फोन वाजला. बाईपण बोलत होती आणि दादापण. म्हणत होता, अरे मी, मी बोलतोय, झालं गेलं सोड. मला वाटलं, आता दादापण यायला लागला. मी ठणकावून सांगितलं.”

सुनेनं तोंडावर पदर घेतला. मुलगा म्हणाला, आत्ता लावू या. नंबर म्हाताऱ्यांना पाठ होता. मुलानं तो फिरवला आणि फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे बाईनं उचललं. म्हातारे म्हणाले, “वहिनी, मी. दादाला द्या.” पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग त्या बाई चाचरत म्हणाल्या, “हे म्हणताहेत, मी घरी नाही म्हणून सांग.”

मामानं हात पुढे केला. म्हाताऱ्यांनी फोन दिला. मामा म्हणाला, “बाई, ठेवू नका. मी टेलिफोन खात्याचा तपासनीस. यांच्या फोनमध्ये दोष होता आणि तो माझा होता.” त्यानं सगळं सांगितलं. तार सांगितली, बहिणीचा आवाज सांगितला, बॅटरी पुसल्याचं सांगितलं, गोळ्या सांगितल्या. इतकं सविस्तर त्यानं आम्हालाही सांगितलं नव्हतं. लाइनवर खरखर नव्हती, पलीकडचा श्वास ऐकू येत होता. बाई केव्हाच बाजूला झाल्या असाव्यात, कारण मामा थांबल्यावर एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला.

“झालं सांगून? इतक्या वर्षांत स्वतः एक फोन केला नाही, आणि आता माणसं उभी करून गोष्टी सांगतोय? मी काही वेडा नाही. तो जे बोलला ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.”

फोन ठेवल्याचा आवाज आम्हा सगळ्यांनाच ऐकू आला. मामा फोन कानाला धरून तसाच उभा राहिला. कंपाउंडरांनी वाकून त्याच्या हातातून तो घेतला आणि बटण बंद केलं.

“नाही ना पटलं त्याला?”

मामाची मान नुसती हलली. “खरं तेच सांगत होतो मी,” तो म्हणाला. “अक्षर न् अक्षर खरं.”

“माहीत आहे,” कंपाउंडर म्हणाले. पाय हळूहळू आत ओढून त्यांनी पलंगावर जागा केली आणि तिथे हात थोपटला. “बसा. पहिले काही दिवस फार जड जातात.”